उजनीच्या पाण्यावर भरवशाचं आउटबोर्ड इंजिन कोणतं घ्यावं?

भीमाकाठचा

नमस्कार मंडळी. आम्ही राहायला सोलापुरात. सासुरवाडीची शेती करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याला अगदी लागून. उन्हाळ्यात पाणी हटलं की गाळपेर करतात, पावसाळ्यानंतर तिथंच होडी लागते. वापरलेली पण अंगानं चांगली अशी १६ फुटी फायबरची उघडी होडी घेतली आहे. रिकामी साधारण २८० किलो भरते. घरची चार-पाच माणसं, हिवाळ्यात सकाळी पक्षी बघायला, एरवी संध्याकाळची एखादी चक्कर. धंदा करायचा नाही.

आता अडलंय ते होडीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगायच्या, म्हणजे आउटबोर्ड इंजिनावर. एका विक्रेत्यानं ४० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक घ्याच म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं १५ चं फोर-स्ट्रोक पुरेल म्हटलं. वेगाची हौस नाही. पाण्याच्या मधोमध बंद पडू नये, आणि पडलंच तर सोलापूर-टेंभुर्णीच्या पट्ट्यात कुणाला तरी दुरुस्त करता यावं, एवढीच अपेक्षा. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात कुगाव-कळाशी वाटेवर होडी उलटून सहा जण गेले. हे पाणी दिसायला शांत असलं तरी घरातले त्याच्याकडे त्याच नजरेनं बघतात, आणि मला ते बरोबर वाटतं. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

देवगडचा तांडेल

आमच्याकडे ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर, म्हटलं की टू-स्ट्रोक. कार्ब्युरेटरवालं, दोरी ओढून सुरू होणारं, बॅटरी नको की काही नको. यामाहाचं एन्ड्युरो बघा, आमच्या किनाऱ्यावर पोरंसुद्धा ते खोलून जोडतात. प्लग, कॉइल, कार्ब्युरेटर, पाण्याचा पंप, बिघडायला यापलीकडे फारसं काही नाही. वजनालाही हलकं. १५ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक चाळीस किलोच्या आत, तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक पन्नासच्या आसपास. वाळूवरून उचलून न्यायचं तर हा फरक पाठीला कळतो.

ऑइल मात्र होडीच्या इंजिनाचं, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच घ्या. मोटारसायकलचं टू-टी ओतू नका. ते हवेनं थंड होणाऱ्या, गरम चालणाऱ्या इंजिनासाठी असतं. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनात त्याची राख प्लगवर आणि रिंगांवर बसते. लिटरला २० मिली, म्हणजे पन्नासास एक. नव्या इंजिनाला सुरुवातीला दुप्पट.

जुना फिटर, सोलापूर

तांडेलदादांचं म्हणणं समुद्रासाठी सोळा आणे खरं आहे. पण तिथं मशीन रोज चालतं. उजनीतली हौसेची होडी आठवड्यातून एकदा निघणार आणि पाणी आटलं की महिनोन्‌महिने कोरड्यावर बसणार. न चालणाऱ्या मशीनची दुखणी वेगळी असतात. माझं आयुष्य गिरणीत आणि नंतर विहिरीवरच्या पंपांवर गेलं. जास्त मशीनं मी उभं राहून बिघडलेली पाहिली आहेत.

धागाकर्ते साहेब, ब्रँडचं नंतर बघू. आधी चार गोष्टी सांगा. होडीच्या मागच्या फळीची उंची किती, म्हणजे फळीच्या वरच्या काठापासून तळापर्यंत, मधोमध, टेप लावून. होडीवर बनवणाऱ्यानं कमाल अश्वशक्तीची पट्टी लावली आहे का. इंजिन होडीवरच राहणार की दर वेळी उतरवून घरी न्यायचं. आणि वर्षातून किती महिने पाणी तुमच्या बांधापर्यंत असतं.

भीमाकाठचा

फिटरकाका, लगेच मोजून आलो. फळी साडेएकोणीस इंच. पट्टीवर कमाल ३० अश्वशक्ती आणि सहा माणसं असं लिहिलंय. इंजिन दर वेळी उतरवणार, कारण राखण करायला तिथं कायम माणूस नसतो. पाणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत जवळ असतं, पुढं मागं सरकत जातं.

जुना फिटर, सोलापूर

म्हणजे ४० चा प्रश्न तुमच्या होडीनंच मिटवला. पट्टीवर ३० असताना ४० लावायचं नाही. मागचा भार वाढून फळी पाण्याकडे झुकते, आणि दट्ट्या, म्हणजे थ्रॉटल, दाबला की नाक वर उठून समोरचं दिसत नाही. विक्रेता काही म्हणो.

फळी साडेएकोणीस म्हणजे लांब पायाचं इंजिन, २० इंची. पाय म्हणजे इंजिनाचा पाण्यात उतरणारा भाग. आखूड पाय १५ इंचीचा असतो. चुकून आखूड घेतलं तर पंखा वर राहून हवा खातो. इंजिन बोंबलतं, होडी जागची हलत नाही आणि थंडाव्याचं पाणीही नीट ओढलं जात नाही. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली यायला हवी. बसवताना हे डोळ्यानं तपासा.

आता ताकद. होडी २८०, इंजिन ६०, पाच माणसांचे ३५०, पेट्रोल नि नांगर धरून सातशेच्या पुढे. होडी पाण्याच्या पृष्ठावर उचलून पळवायची तर पंचवीसएक किलोला एक अश्वशक्ती हा ढोबळ हिशोब. १५ चं इंजिन लावलंत तर भरलेली होडी उचलणार नाही, पाणी फोडतच जाईल. तशा चालीत १६ फुटी होडीचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास अडतो, इंजिन कितीही कोकललं तरी. पक्षी बघायला दहा पुष्कळ झाले. पण समोरून वारा उठला आणि काठ तीन किलोमीटरवर असेल तर हातात थोडी ताकद शिल्लक असावी. माझं मत २५. तिघं असताना होडी उचलेल, पाच जण बसले की जेमतेम. पंखा कमी पिचचा घ्या, १३ ऐवजी ११. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशोबानं जेवढे इंच पुढे सरकेल ते. पिच एक इंच कमी केला की फेरे दीडशे-दोनशेनं वाढतात. पूर्ण भरलेल्या होडीत पूर्ण दट्ट्यावर इंजिन पुस्तकात दिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचतं का, ते बघूनच पंखा पक्का करा. न पोचणारं इंजिन बैलाला चढावर जादा ओझं जुंपल्यासारखं झिजतं, आवाजावरून मात्र कळत नाही.

रोहितवेडी

मी पक्षी बघायला केत्तूर, कुगाव, पलीकडं कुंभारगाव-डाळजपर्यंत फिरते. माझा अनुभव ऐका. रोहित पक्षी उथळ, चिखलाच्या पाण्यात उभे असतात. तिथं कुठलंही पेट्रोल इंजिन घेऊन जाऊच नये. इंजिनाचा पाय चिखलात रुततो, पाणी गढूळ होतं आणि थवा उडतो. उडवलेला थवा पुन्हा चरायला बसायला वेळ लागतो, त्यात त्यांची ताकद जाते. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतात, त्यांना इथं विसावा मिळाला पाहिजे.

म्हणून मुख्य इंजिनाबरोबर एक छोटी विजेची मोटर ठेवा, ५५ पौंड जोराची १२ व्होल्टची. पूर्ण जोरावर ती पन्नासएक अँपिअर खाते, म्हणजे १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीवर दीड-दोन तास. अर्ध्या जोरावर त्याच्या कितीतरी जास्त. शेवटचे तीन-चारशे मीटर तिच्यावर जा. शिवाय मोठं इंजिन रुसलं तर हीच परतीची सोय.

सगळंच विजेवर करायचा विचार मात्र वाऱ्याच्या दिवशी अडचणीत आणेल. एवढ्या मोठ्या पाण्यावर ते पुरत नाही.

फुगवट्यावरचा

आम्ही भोई, पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर. आमच्यात बहुतेकांकडं वल्ह्याच्या होड्या, काहींकडं मशीनच्या. ताईंनी चिखलाचं बरोबर सांगितलं, पुढचं मी सांगतो.

उजनीत सर्वांत जास्त मशीन बंद पडतं ते जाळ्यानं. चिलापीची जाळी बारीक नायलॉनची, पाण्याच्या जरा खाली सोडलेली, दिसत नाहीत. पंख्यात गेली की दोरा आत सील कापतो. मग गिअरच्या डब्यात पाणी शिरतं. जाळं काढलं म्हणून निर्धास्त राहू नका, पंखा काढून दांड्यावर गुंडाळलेला दोरा बघा. गिअर ऑइल दुधासारखं पांढरं निघालं तर सील गेलं म्हणून समजा.

दुसरं जलपर्णी. पाणी ओढायच्या जाळीवर मूळ बसलं की मशीन तापतं. मागून पाण्याची बारीक धार पडते ना, तिच्यावर सतत नजर ठेवायची. धार बारीक झाली की लगेच बंद करून पाय वर घ्या नि जाळी साफ करा. प्लास्टिकच्या पिशव्याही असंच करतात.

तिसरं, धरणाखाली जुनी गावं आहेत. पाणी भरलेलं असताना काही कळत नाही. धरण उण्यात गेलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, तशाच घरांच्या भिंती, बाभळीची खोडं, विहिरींचे कठडे वर येतात. उघडे पडायच्या आधी ते हातभर पाण्याखाली असतात, तीच खरी धोक्याची वेळ. फेब्रुवारीनंतर वेग कमीच ठेवा. आणि मशीन घेताना पंख्याच्या आत रबराचं बुश असलेलं घ्या, दगडाला लागलं तर बुश सरकतं, गिअर वाचतो. एक पंखा, त्याची पिन आणि पाना होडीत ठेवाच.

भीमाकाठचा

दादा, हे सोन्यासारखं आहे. पाणी किती खाली जातं याचा मला अंदाज आहे, पण वाचणाऱ्यांसाठी लिहितो. उजनी भरलं की सुमारे ११७ टीएमसी, त्यात जिवंत साठा साडेत्रेपन्नासच्या आसपास. उरलेला मृत साठा. टक्केवारी फक्त जिवंत साठ्यावर मोजतात, म्हणून पेपरात 'उणे चाळीस टक्के' वाचायला मिळतं आणि तरी धरणात पाणी असतं. फक्त आपल्या बांधापासून ते लांब गेलेलं असतं.

ऊसउत्पादक

पेट्रोलचं कुणी बोललं नाही, आणि माझ्या मते निम्मी दुखणी तिथूनच येतात. आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे. त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं, याचा मला अभिमान आहे. पण होडीच्या इंजिनांच्या बहुतेक पुस्तकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते. ही मर्यादा खरेदीआधी पुस्तकात स्वतः वाचा, विक्रेत्याकडून २० टक्क्यांबाबत लेखी घ्या.

इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. टाकी अर्धी ठेवून दोन-तीन महिने उभी केली की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो, वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल उरतं. नळी तळातून ओढते, म्हणजे इंजिनात आधी तोच थर जातो. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे वायसर फुगतात ते वेगळंच. टाकी आणि इंजिनाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा, त्याचं खालचं भांडं पारदर्शक घ्या. पेट्रोल ताजं भरा, उरलेलं घरी आणून गाडीत घाला. होडीत साठवू नका.

देवगडचा तांडेल

ऊसवाल्या दादांचं मान्य. आमच्याकडे पेट्रोल दोन दिवसांत संपतं, त्यामुळं हा त्रास जाणवत नाही. मग तुमच्या पाण्यावर कार्ब्युरेटर की फ्युएल इंजेक्शन, हा खरा प्रश्न. मी अजूनही कार्ब्युरेटर म्हणेन. जेट, म्हणजे पेट्रोल यायचं बारीक भोक, बुजलं तर तारेनं नाही, हवेनं फुंकून साफ करतो माणूस. इंजेक्शनवालं बिघडलं तर लॅपटॉपवाला मेकॅनिक मुंबईहून यायचा.

जुना फिटर, सोलापूर

दादा, इथं मी तुमच्याशी सहमत नाही. उभ्या राहणाऱ्या मशीनमध्ये कार्ब्युरेटरची वाटी हा सर्वांत कच्चा भाग. त्यातलं पेट्रोल उडून जातं आणि डिंकासारखा थर उरतो, आयडलचं जेट तर केसाएवढं असतं. इंजेक्शनमध्ये यंत्रणा झाकबंद असते, पेट्रोल उघड्यावर सुकत नाही. सकाळच्या थंडीत चोकची झटापट नाही.

बॅटरीची भीती असेल तर तोहात्सूच्या १५ आणि २० अश्वशक्तीच्या इंजेक्शनवाल्या इंजिनांना बॅटरी लागत नाही, दोरी ओढताना फिरणाऱ्या चाकातूनच वीज तयार होते. मर्क्युरीची लहान फोर-स्ट्रोक इंजिनंही तोहात्सूच्याच कारखान्यात बनत आली आहेत, त्यामुळं नाव वेगळं तरी आतलं हाड बरंचसं एकच. सुझुकी, होंडा, यामाहा यांचीही २०-२५ च्या वर्गातली फोर-स्ट्रोक चांगली आहेत. यातलं कुठलंही नीट सांभाळलं तर वर्षानुवर्षं चालेल. म्हणून ब्रँडवर भांडण्यात अर्थ नाही. ज्याचा पंपाचा संच, थर्मोस्टॅट, सील आणि पंखा आठवड्याच्या आत पुण्याहून किंवा मुंबईहून सोलापूरच्या एसटी पार्सलला पडेल, तेच तुमच्यासाठी भरवशाचं. फोन लावा, इम्पेलरचा, म्हणजे थंडाव्याच्या पाणीपंपातल्या रबरी चक्राचा, पार्ट नंबर सांगा आणि विचारा, आज शेल्फवर आहे का. उत्तर देताना जो विक्रेता अडखळेल त्याच्याकडून घेऊ नका.

परदेशातून परस्पर आणलेली, बिनवॉरंटीची स्वस्त इंजिनं टाळा. त्यांचे नंबर इथल्या पार्टांच्या यादीत जुळत नाहीत.

हत्तरसंग रोड

मध्येच विचारतो. एक वापरलेलं एव्हिनरूड ३० मिळतंय, निम्म्या किमतीत. धागाकर्त्यांना जमेल का?

जुना फिटर, सोलापूर

एव्हिनरूड बनवणाऱ्या बीआरपीनं २०२० मध्ये आउटबोर्डचं उत्पादन थांबवलं. पार्ट मिळतात, पण शोधावे लागतात. नव्या माणसानं त्या वाटेला जाऊ नये.

जुनं घ्यायचंच असेल तर कुठलंही असो, थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर परत या. सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक दहा टक्क्यांच्या आत आहे का ते महत्त्वाचं. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल करून थेंब बघा. पाण्याखालचा पंखा हातानं हलवून बघा, दांडा वाकडा आहे का. इंजिन पिंपात पाय बुडवून चालवा, कोरडं नाही. कोरड्यात रबरी इम्पेलर काही सेकंदांत जळतो. आपल्या विहिरीवरच्या पंपाचा इम्पेलर धातूचा, हा रबराचा, हे ध्यानात ठेवा.

उजनीचं पाणी गाळाचं. पुस्तकात इम्पेलर दोन वर्षांनी लिहिलेला असला तरी इथं दर हंगामाआधी बदला.

रोहितवेडी

फिटरकाका, पायावर ते राखाडी धातूचे तुकडे असतात, गंज रोखायला. ते समुद्राचे आणि गोड्या पाण्याचे वेगळे का?

जुना फिटर, सोलापूर

ताई, चांगलं विचारलंत. समुद्रात जस्ताचे चालतात. गोड्या पाण्यात जस्तावर थर बसतो आणि ते झिजायचं थांबतं, म्हणजे संरक्षणही थांबतं. गोड्या पाण्याला मॅग्नेशियम उत्तम. ॲल्युमिनियमचंही चालेल. तुकड्यावर रंग मारायचा नाही.

वारं-पाऊस

इंजिनाइतकंच बाकीचंही सांगतो, कारण उजनीवर मी बचावकामात मदत केली आहे.

किल-स्विचची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला बांधल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. चालवणारा पडला की इंजिन बंद झालं पाहिजे, नाहीतर होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. जॅकेट प्रत्येकानं घातलेलं, होडीत ठेवलेलं नव्हे. दोन वल्ही, नांगर, लांब दोर, पाणी उपसायला डबा. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर पाण्यावर जाऊ नका. पश्चिमेला काळं दिसलं की वाट बघू नका, जवळच्या काठाला लागा, मग तो आपला काठ असो वा पलीकडचा. मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला अडायला काही नसतं, लाटा थोड्या वेळात उठतात. तेव्हा लाट बाजूनं घ्यायची नाही, नाक लाटेकडे थोडं तिरकं ठेवून हळू चालायचं. इंजिन बंद पडलं तर आधी नाकाकडून नांगर टाका. होडी लाटेला आडवी होऊ द्यायची नाही. मग दुरुस्ती.

पेट्रोलचा नियम सोपा ठेवा: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हातात. २५ चं फोर-स्ट्रोक पूर्ण दट्ट्यावर तासाला नऊ-दहा लिटर पितं, निवांत चालवलं तर निम्म्याहून कमी.

यांत्रिक होडीची नोंदणी करून घ्या, अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ मध्ये ती बंधनकारक आहे. धरणाच्या पाण्यावर जाण्यासाठी जलसंपदा विभागाचीही परवानगी विचारा.

देवगडचा तांडेल

वारं-पाऊस यांच्या सगळ्या मुद्द्यांना +१. आणि फिटरकाकांचं पटलं. रोज चालणाऱ्याला माझं, आठवड्याला चालणाऱ्याला त्यांचं.

भीमाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस फोनाफोनी केली. ठरलं ते असं: फोर-स्ट्रोक, इंजेक्शनवालं, लांब पायाचं, हातानं वळवायचं. २५ चं घ्यायचं होतं, पण त्याचं वजन ६० किलोच्या घरात आणि दर वेळी उतरवायचं म्हटल्यावर बंधू म्हणाला की २० चं ४५-५० किलोत मिळतंय, बॅटरीशिवाय. रोहितवेडी ताईंची विजेची मोटर धरून आम्ही २० वर आलोय. पाच माणसं घेऊन लांब जायचं नाही, तीनच जणांनी जायचं, हे घरात ठरवून टाकलं. पुण्याच्या विक्रेत्याकडे इम्पेलरचा संच शेल्फवर होता, त्याचा फोटोच पाठवला त्यानं. पारदर्शक फिल्टर आणि जादा पंखा त्याच बिलात घेतोय. फिटरकाका, २० वर यायला हरकत नाही ना? आणि आणल्यावर पहिल्यांदा काय?

जुना फिटर, सोलापूर

तीन माणसांना २० चालेल. तुमची अट तुम्ही पाळलीत तर.

जीपमधून आणताना फोर-स्ट्रोक वाटेल त्या कुशीवर आडवं टाकायचं नाही. पुस्तकात कुठली बाजू खाली हे चित्रानं दिलेलं असतं, तीच. उलट्या बाजूला टाकलं तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. पायातलं पाणी आधी उभं धरून निथळू द्या. डोक्यापेक्षा पाय वर कधीच नको.

पहिले दहा तास पूर्ण दट्ट्या दाबून धरू नका, एकाच वेगावरही ठेवू नका, वर-खाली करत चालवा. वीस तासांनी पहिलं ऑइल आणि गिअर ऑइल बदला, मग दर शंभर तासांनी किंवा वर्षानं, जे आधी येईल ते. ऑइल होडीच्या फोर-स्ट्रोकचं, एफसी-डब्ल्यू लिहिलेलं. मार्चमध्ये पाणी लांब गेलं की टाकीतलं पेट्रोल काढा, प्लग काढून फॉगिंग ऑइल, म्हणजे सिलिंडर आतून गंजू न देणारं ऑइल, मारा, दोरी दोनदा हळू ओढा, आणि इंजिन उभं, सावलीत ठेवा. उंदीर वायरी खातात, झाकणाखाली बघत जा.

तुमचं इंजिन आलं की कळवा. पहिल्यांदा पिंपात सुरू करताना मी येतो, धार किती जोरात पडते ते मला बघायचंय.

फुगवट्यावरचा

आणि पाण्यात टाकायच्या आधी मला फोन करा मालक. आमची जाळी कुठं कुठं आहेत ते दाखवतो, तेवढ्या वाटा सोडून चला.